एकशे वीस पानांचा प्रकल्प
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'शाळेने मला काय दिले'. वेळ दिली दहा मिनिटं. मी त्यांना म्हटलं, त्या विषयावर सगळेच बोलणार, मी आपली एक गोष्ट सांगते. ती गोष्ट नववीतल्या चित्रकलेच्या शेवटच्या प्रकल्पाची आहे. त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे. ज्या मैत्रिणीची ही गोष्ट आहे ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला आधी विचारूनच मी बोलते आहे. तिची एकच अट होती, नाव घ्यायचं नाही. नाव न घेताही तुम्हाला पाच मिनिटांत कळेल, पण अट ती अट.

आठवतंय ना, दहावीला चित्रकलेचा तास नसायचा. म्हणून नववीच्या जानेवारीत ड्रॉइंगचे सर वर्गात येऊन म्हणाले, "हा तुमचा शाळेतला शेवटचा प्रकल्प. घरी करायचा. विषय तुमचा, सामान तुमचं, सहा आठवडे. एकट्यानं करा नाहीतर जोडीनं." मुलांनी काय काय केलं ते मला अजून आठवतं. थर्माकोलचे किल्ले, आगपेटीच्या काड्यांची घरं, एकानं नारळाच्या करवंटीचं माकड. (तो आज आलेला नाही, त्याचं विमान चुकलं म्हणे. माकड मात्र बरं होतं.)

त्याच्या आदल्याच महिन्यात सरांनी आपल्याला राजवाड्यात नेलं होतं, दरबार हॉलमध्ये. तिथे कारागीर खाली मांडी घालून गंजिफाची पानं रंगवत बसायचे. सावंतवाडीत जन्मून मी तोपर्यंत गंजिफा जवळून पाहिलीच नव्हती. चितार आळीतली लाकडाची फळं आणि खेळणी आपल्या घराघरांत होती, पण ही गोल पानं नव्हती. ही कला बंद पडायला आली होती आणि शिवरामराजे व राणी सत्वशीलादेवींनी 1970 च्या दशकात ती राजवाड्यात पुन्हा उभी केली, असं सरांनी सांगितलं. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा संच. प्रत्येक संचात बारा पानं: एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण एकशे वीस. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू.

मी घरी येऊन ठरवलं, आपण पूर्ण गंजिफा करायची. सगळी एकशे वीस पानं. आणि जोडीला हिला घेतलं, कारण वर्गात चेहरा काढावा तर हिनंच. माझी पट्टीनं मारलेली रेघसुद्धा वाकडी यायची. पण मला आखणी करता यायची, आणि मी मनात म्हटलं, डोकं माझं आणि हात तिचा. तेव्हाच काहीतरी चुकलं होतं, पण ते पुढे.

सर म्हणाले होते, "एक अवतार केलात तरी पुरे." मी ऐकलं नाही.

कालनिर्णयच्या पाठीमागे मी तक्ता आखला. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. रोज तीन पानं, चाळीस दिवसांत एकशे वीस. दोन दिवस हाताशी. एवढं सुंदर गणित मी पुढे इंजिनिअरिंगलाही केलं नसेन. त्यात एकच गोष्ट धरली नव्हती, ती म्हणजे काम.

पान कसं होतं ते थोडक्यात सांगते. आजीचं जुनं लुगडं घ्यायचं, त्यावर कागद चिकटवायचे. चिकटवायला बाजारचा गोंद नाही, चिंचोक्यांची खळ. ती आजीनं शिकवली. "चिंचोके रातीक भिजत घाल, सकाळी सालां काढ, मगे बारीक वाट." पाट्यावर वाटायचे आणि पाण्यात घालून ढवळत शिजवायचे. ढवळायचा कंटाळा केला की गुठळ्या. घरभर एक आंबूस वास. चिकटवलेला थर वाळला की आमसुलाच्या बरणीचं झाकण ठेवून गोल आखायचे आणि कापायचे. एकशे वीस गोल कापून माझ्या अंगठ्याला फोड आला, तिच्या दोन बोटांना. मग खडूची पूड वस्त्रगाळ करून त्याच खळीत कालवायची आणि पानाला हात द्यायचे. एका बाजूला दिला की पान पापडासारखं वळतं, म्हणून दुसऱ्या बाजूलाही द्यायचा. दोन्ही बाजूंना दोन-दोन हात. वाळलं की गुळगुळीत गोट्यानं घासायचं, चकाकी येईपर्यंत.

आता हिशोब बघा. एकशे वीस पानं, प्रत्येकाला चार हात, म्हणजे चारशे ऐंशी. आमच्या पडवीत एका वेळी चाळीस पानं वाळत घालता यायची. म्हणजे बारा खेपा. मांजर एका खेपेतून चालत गेलं. कूर्माच्या एका पानावर त्याचा पंजा उमटला, तो आजही आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ही मला म्हणाली होती, "आधी एकच संच पुरो करूया गो. अगदी लाखेपर्यंत. मगे बाकीचे बघूया." मी तिला तक्ता दाखवला. तक्त्यात तसं नव्हतं. तक्त्यात आधी सगळी पानं चिकटवायची, मग सगळी कापायची, मग सगळ्यांना हात द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी सगळी रंगवायची, असं होतं. मला ते फार शिस्तीचं वाटायचं. पुढे नोकरीला लागल्यावर कंपनीनं पैसे खर्चून आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यात काय शिकवलं? आधी एक लहान तुकडा घ्या, तो शेवटपर्यंत पूर्ण करा, म्हणजे कुठे अडतंय ते लवकर कळतं. मी मागच्या बाकावर बसून हसत होते. पडवीत बसून, खळीचे हात फ्रॉकला पुसत चौदा वर्षांची मुलगी हे मला फुकट सांगत होती.

चोविसाव्या दिवशी आमच्याकडे एकशे वीस पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कोरी पानं होती. आणि रंगवलेलं पान एकही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आणखी एक गणित केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एका संचात एक्क्यापासून दश्शीपर्यंत चिन्हं किती? पंचावन्न. दहा संचांची साडेपाचशे. साडेपाचशे मासे, कासवं, परशू, कमंडलू. मला रडू आलं. ही म्हणाली, "रडतंस कित्याक? मी राजे काढूक घेतंय." आणि तिनं घेतले. पंचविसाव्या दिवसापासून एकतिसाव्यापर्यंत, सात दिवसांत दहा राजे. राजवाड्यातल्या कारागिरांनी ब्रश कसा धरला होता, करंगळी पानाला टेकवून, तसाच तिनं धरला होता. आधी अंगाचा रंग, मग वस्त्र, मग दागिने, आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळा एका दमात काढायची. श्वास रोखायची, मी पण रोखायचे. डोळा उघडला की पान जिवंत झाल्यासारखं वाटायचं.

आता एकशे वीस होणार नाहीत हे दोघींनाही कळलं होतं. तीन संच पूर्ण करायचे ठरले. मत्स्य, कारण मासा काढायला सोपा. आणि राम व कृष्ण, कारण आजी म्हणाली की दिवसा खेळ रामाच्या पानानं सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या.

बत्तिसाव्या दिवशी ती आली नाही.

तेहेतिसाव्या दिवशीही नाही. शाळेतही नाही. तिच्या घरी फोन नव्हता, आमच्याही नव्हता. पण मोती तलावाला अर्धा वळसा घालून तिचं घर चालत वीस मिनिटांवर होतं. मी गेले नाही. तुम्ही विचाराल का. मला राग आला होता. मला वाटलं, राजे काढून झाले, तिची हौस फिटली, आता कंटाळवाणी चिन्हं माझ्या गळ्यात टाकून ही बसली घरी. तिच्या आईला रात्रीतून गोव्याला बांबोळीला नेलं होतं आणि ही धाकट्या दोन भावंडांचं जेवणखाण बघत होती, हे मला पुढे मार्चमध्ये समजलं. तेसुद्धा कुणीतरी सांगितलं म्हणून.

उरलेल्या अकरा दिवसांत मी एकटीनं तीन प्रधान आणि तीस चिन्हांची पानं रंगवली. एकशे पासष्ट चिन्हं. माझे मासे पोळीच्या तुकड्यांसारखे दिसत होते. प्रधानांचे डोळे काढताना हात थरथरला, ते घुबडासारखे झाले. शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पानांवर फिरवली, तीही चुकीच्या वेळी, दमट संध्याकाळी. पानांवर पांढुरकी झाक आली. दुसऱ्या दिवशी उन्हात पुन्हा हलका हात दिला तेव्हा बरीचशी गेली. छत्तीस पूर्ण पानं आणि सात सुटे राजे, अशी त्रेचाळीस पानं बुटाच्या खोक्यात घातली आणि खोक्यावर नाव लिहिलं. एकच. माझं.

सरांनी खोकं उघडलं. एकेक पान उजेडात धरून बघितलं. विचारलं, "जोडीदार कुठे आहे?" मी म्हटलं, "तिनं सोडलं सर." मग त्यांनी रामाचा राजा आणि रामाचा प्रधान शेजारी-शेजारी ठेवले. "ह्या राजाचे डोळे कोणी काढले?" मी म्हटलं, "मी." सर काही बोलले नाहीत. टेबलावरचा ब्रश काळ्या रंगात बुडवला, कागदाचा कपटा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "काढ एक."

मी ब्रश हातात घेऊन उभी राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा सरांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, पाण्यात खळबळला आणि म्हणाले, "जा, डबा खा." 'ब' श्रेणी दिली. घरी सांगितलं नाही, वर्गात सांगितलं नाही. मला वाटलं, वाचले.

आता सरांनाही माहीत नसलेला भाग. सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात आणि तीस वर्षांनी हे ऐकणार आहात. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात तुम्ही आमची पानं मधल्या टेबलावर मांडली होती आणि पुढे तुमच्या अक्षरात चिठ्ठी ठेवली होती. तिच्यावर दोन नावं होती, तिचं आधी. मी सकाळी लवकर आले होते. ती चिठ्ठी मी उचलली, फाडली आणि खिडकीबाहेर टाकली. दिवसभर पालक येऊन विचारत होते, कोणी केलं हे? मी पुढे होत होते. दुपारी ती आली. टेबलासमोर उभी राहिली, राजांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेली. तिच्या प्रगतिपुस्तकात त्या वर्षी चित्रकलेपुढे 'क' होतं.

दहावीचं पूर्ण वर्ष आम्ही दोन बाकं सोडून बसायचो आणि बोलत नव्हतो. तुमच्यापैकी काही जणींनी तेव्हा विचारलं होतं, काय झालं गो तुमचं? मी म्हणायचे, काही नाही.

मी आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, वीसेक वर्षं झाली. आमच्या कामात 'गिट' नावाची एक व्यवस्था असते. तिच्यात एक आज्ञा आहे, तिचं नावच 'ब्लेम'. कुठल्याही ओळीवर ती चालवली की ती ओळ कोणी लिहिली, कोणत्या तारखेला, लगेच समोर येतं. पंधरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचंही नाव येतं. नवीन मुलं ती आज्ञा चूक कोणाची हे शोधायला वापरतात. मला मात्र पहिल्यांदा ती शिकले तेव्हा रामाच्या राजाचे डोळे दिसले. ह्याच्यात काही कल्पना लढवत नाही, खरंच दिसले.

गेल्या गणपतीत गावी आले होते. माळ्यावरून समया काढताना आईची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात बुटाचं खोकं होतं आणि खाली जुन्या चादरीत बांधलेली सत्त्याहत्तर कोरी पानं. कसरीला चिंचोक्याची खळ फार आवडते, हे मला आता शास्त्रोक्त माहीत आहे. एकतीस पानं खाल्ली होती. शेहेचाळीस शाबूत. आमच्या कोकणातल्या तीस पावसाळ्यांनंतर! खळ चांगली झाली होती, श्रेय आजीचं.

ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी हिच्या घरी गेले. ती अंगणवाडीत काम करते, तुम्हाला माहीत आहे. वीस मिनिटांचं अंतर आता चाळीस झालं आहे, कारण ती लग्न होऊन गावाबाहेर राहते. एकतीस वर्षांपूर्वी जायला हवं होतं तिथे मी रिक्षानं गेले. चहा झाला. काय बोलायचं ते मी रिक्षात पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. चिठ्ठीचं सांगितलं. तिनं पानं एकेक करून पदरावर मांडली. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "ह्या प्रधानाचे डोळे बघ गो, घुबडासारखे." आणि हसायला लागली. हसता हसताच म्हणाली, "तू एकदा तरी येतलंस असा वाटलेला माका. चिठ्ठीचा जावंदे. पण तू येतलंस असा वाटलेला."

त्याला मी उत्तर दिलं नाही. आजही माझ्याकडे नाही.

निघताना तिनंच विचारलं, "कोरी पानां किती उरलीत?"

तर गेले चार महिने आम्ही दोघी शाळेचा प्रकल्प करतो आहोत. घरी, सरांनी सांगितलं होतं तसा. खाल्लेल्या एकतीस पानांच्या जागी नवीन केली. चिंचोके तिच्याकडच्या झाडाचे, लुगडं माझ्या आजीचं शेवटचं. महिन्यातून एकदा मी येते, बाकी रविवारी व्हिडिओ कॉल. ती मोबाईल तांब्याला टेकवून ठेवते, त्यामुळे मला बहुतेक वेळ तिचं छतच दिसतं. तक्ता ह्या वेळी तिनं केला. एक संच घ्यायचा, लाखेपर्यंत पूर्ण करायचा, मग पुढचा. पुढचे सात प्रधान मीच काढायचे असं तिचं म्हणणं. "पयले तीन तुझे, तर सगळे तुझेच होवंदेत. घुबडां तर घुबडां." माझे डोळे अजून सुधारलेले नाहीत. तिसऱ्या प्रधानानंतर निदान दोन्ही एका दिशेला बघू लागले आहेत.

तिनं हे भाषण काल वाचलं. दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, मांजर आमचं नव्हतं, शेजाऱ्यांचं होतं. दोन, राजे सात दिवसांत नाही, सहा दिवसांत झाले होते, एक दिवस मीच तिला कैऱ्या पाडायला नेलं होतं. फेब्रुवारीत कैऱ्या कुठल्या, मी म्हटलं. त्यावर आमचं भांडण अजून चालू आहे.

आजपर्यंत एकशे बारा पानं झाली आहेत. कल्कीची तिर्रीपासून दश्शीपर्यंतची आठ राहिली. आम्हाला मेळाव्याच्या आधी संपवायची होती, पण माझ्या ऑफिसचं काम आलं आणि तिच्याकडे पल्स पोलिओ आला. सर, मुदत तीस वर्षं उलटून गेली आहे, अजून थोडी वाढवून द्या.

पानं बाहेर हॉलच्या दाराशी टेबलावर मांडली आहेत. चिठ्ठी तिनं लिहिली आहे, माझं नाव खाली आहे. जेवायच्या आधी बघा, सोलकढीच्या हातांनी नको. शेवटच्या दोन संचांची लाख परवाच दिली आहे, अजून पुरती वाळलेली नाही, तेव्हा वराह आणि बुद्ध यांना हात लावू नका.